ताई, तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला माझं उत्तर

ताई नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी आमच्या दुसऱ्या डॉक्टर मॅडमनाही वाचायला दिला. तुम्ही लिहिलंय की दीड वर्षाच्या तापलेल्या बाळाला घेऊन दोन तास बसलात, डॉक्टर नुसते घड्याळाकडे बघत होते, ना इंजेक्शन ना सलाईन, तापाचं सिरप देऊन घरी पाठवलं, रात्री उलट्या सुरू झाल्या तेव्हा फोन लावला तर कोणी उचलला नाही आणि शेवटी दुसरीकडे ॲडमिट करावं लागलं. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो, बाळाच्या पेपरवरचं बाकी काही इथे उघड करणं बरोबर नाही.

आधी फोनचं. तो आमचाच दोष आहे. दवाखान्याचा मोबाईल त्या रात्री काउंटरच्या ड्रॉवरमध्येच राहिला आणि कुलूप लागलं. लेकरू उलट्या करतंय आणि समोरून नुसती रिंग वाजतीये, त्या वेळी आईचा जीव कसा झाला असेल ते मला कळतं हो, मनापासून माफी मागतो. आता तो फोन एक दिवस माझ्याकडे, एक दिवस मॅडमकडे, घरी येतो. आणि दोन तास बसवलं तेही चूकच, तापलेलं लहान मूल नंबरात बसवायचं नसतं, आल्या आल्या बघून पुढे घ्यायचं असतं, हे काउंटरवरच्या मुलांना मी शिकवायला हवं होतं, ते आता शिकवलंय.

पण घड्याळाचं जरा ऐका. बाळ तुमच्या मांडीवर शांत होतं, मी त्याचा शर्ट वर केला आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजत होतो. लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चुकतं, आणि मूल रडत असेल तर आकडा उगाच वाढतो. 1 ते 5 वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त श्वास झाले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जायला लागला, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा लागतो. खेड्यात एक्स-रे हाताशी नसतो तेव्हा हा एक मिनिट फार मोलाचा असतो. फक्त मी काय करतोय ते तुम्हाला बोललोच नाही, मग तुम्हाला डॉक्टर टाइम बघतोय असंच वाटणार.

इंजेक्शनचं मात्र मी आजही तेच करीन. तापाचं इंजेक्शन काही तासांपुरता ताप उतरवतं, तेवढं काम सिरपही करतं, आणि सुईची जागा सुजते, कधी पिकते. व्हायरल तापावर अँटिबायोटिक चालतच नाही, उलट पोट बिघडतं आणि जंतू त्या औषधाला सरावतात, मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध कामी येत नाही. सिरपसुद्धा वजन करूनच दिलं कारण पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम बसवावा लागतो, आणि एका बाटलीत 5 मिलीला 120 मिलिग्रॅम असतं तर दुसरीत 250, चमचा तोच पण औषध दुप्पट. (बाटली बदलली तर लेबल जरूर वाचा.)

सलाईन दुपारी लागत नव्हतं, रात्री लागलं असेल. मूल पीत असेल, लघवी करत असेल तर ओआरएस पुरतं, पण पोटात काहीच टिकत नसेल तर सलाईन लावावंच लागतं, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांना मी चूक म्हणणार नाही.

मला खरं लागलंय ते वेगळंच. सगळं उलटून पडायला लागलं, बाळ पिईना, मलूल पडलं, सहा तास लघवी झाली नाही, श्वास भराभर चालला किंवा झटका आला, तर रात्री कितीही वाजले असू देत लगेच निघायचं, फोनची वाट बघायची नाही, हे मी पेपरवर लिहून द्यायला पाहिजे होतं. गर्दी होती म्हणून राहिलं, पण गर्दी हे काही कारण नाही. आता तो कागद छापून घेतलाय, मोठ्या अक्षरात, प्रत्येक लहान मुलाच्या पेपरला टाचून देतो.

बाळ आता खेळायला लागलं असेल अशी आशा आहे. एकदा त्याला घेऊन या, काउंटरवर फक्त रिव्ह्यूवाली ताई म्हणा, थांबावं लागणार नाही. येताना तिकडच्या ॲडमिशनची फाईल आणा, दिलेली औषधं मला बघायचीयेत आणि वजन परत करायचंय.