‘भेसळीची मेंदी’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय आज बुधवारी सकाळी वाचला. काल दुपारी आमच्या काष्ठौषधीच्या दुकानातली मेंदी लावलीत आणि भांगातले, कानशिलांवरचे केस गाजरासारखे झाले; पावडर भेसळीची आहे, पैसे परत द्या, असं तुम्ही लिहिलंय. रविवारी भाचीचा साखरपुडा आहे आणि त्याआधी पार्लरमध्ये ब्लीच करून हा रंग काढणार, असंही शेवटी आहे. भेसळीचं आणि पैशांचं पुढे बोलते. आधी ब्लीचचं: कृपा करून ते करू नका.

मेंदीचा रंग केसांतल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट धरतो. ब्लीचने तो पूर्ण निघत नाही, फिका होऊन उलट जास्तच भडक दिसतो. दुसरी काळजी त्याहून मोठी आहे. आतापर्यंत तासाभरात केस काळे करणारी ‘काळी मेंदी’ वापरत होते, असं तुम्हीच म्हटलंय. मेंदीच्या पाल्यात काळा रंग नसतोच. अशा पाकिटांत बहुतेक वेळा पीपीडी हे रसायन असतं, काहींत धातूंचे क्षार असतात. क्षार बसलेल्या केसांना ब्लीचमधलं पेरॉक्साइड लागलं तर केस तापतात आणि तुटून हातात येऊ शकतात. त्यामुळे पार्लरमध्ये गेलातच, तर आधी काय काय लावलं होतं ते सगळं सांगा. जुन्या पाकिटावरचे घटकही वाचून पाहा. पीपीडीने कुणाची टाळू सुजते, कुणाचे डोळे, आणि वर्षानुवर्षं काही न होता एखाद्या वेळी अचानकही होतं.

आता भेसळ. आमची मेंदी राजस्थानातल्या सोजतची आहे, जिथल्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातलं रंगद्रव्य म्हणजे लॉसोन, आणि ते जात्याच नारिंगी-लाल. काळ्या केसांवर त्याची नुसती लालसर झाक दिसते. पांढऱ्या केसांत मेलॅनिन, म्हणजे केसांचा मूळचा काळा रंगच उरलेला नसतो, म्हणून तिथे रंग आहे तसा उघडा पडतो. तुमचा भांग आणि कानशिलं तेवढी नारिंगी झाली, बाकीचे केस नाहीत, त्याचं कारण हेच. पावडरीत काळं काही मिसळलेलं असतं तर पांढरे केस आधी काळे झाले असते.

शिवाय काल धुतलेला रंग हा शेवटचा रंग नाही. हातावरची मेंदी काढल्यावर केशरी दिसते आणि दुसऱ्या दिवशी रंगते, तसंच केसांचंही होतं. हवा लागून दोन-तीन दिवसांत हाच रंग तांबूस-तपकिरी होत जातो. तुम्ही लिंबू पिळलंत, त्याने केस कोरडे होतात आणि रंग सुरुवातीला जरा जास्तच झळझळीत दिसतो. बीट घालायचा सल्ला तर सगळेच देतात, पण बिटाचा रंग धुण्याच्या पाण्याबरोबर जातो. चहाच्या पाण्यात, लोखंडी कढईत मेंदी भिजवायची जुनी रीत मात्र खरी आहे. चहातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळपटपणा येतो. तरी पांढऱ्या केसांचं नारिंगीपण तेवढ्याने झाकलं जात नाही.

ते झाकते नीळ, म्हणजे निळीच्या झाडाच्या पाल्याची पावडर; कपड्यांची नीळ नव्हे. नारिंगीवर निळा चढला की तपकिरी ते काळा रंग मिळतो, आणि मेंदी आधी लागलेली आहे हे तुमच्या पथ्यावरच पडलंय. नुसती नीळ पांढऱ्या केसांवर हिरवट दिसते. नीळ आमच्याकडूनच घ्या असं अजिबात नाही, फक्त पाकिटावर इंडिगोफेरा टिंक्टोरिया (निळीच्या झाडाचं शास्त्रीय नाव) याशिवाय दुसरा घटक नको.

आज रात्री थोडी नीळ भिजवून कानामागच्या त्वचेवर आणि आतल्या एका नारिंगी बटेवर लावून पाहा. उद्या संध्याकाळपर्यंत खाज, पुरळ काही नसेल तर केस शाम्पूने धुवा. तेलकट केसांवर नीळ धरत नाही. नुसत्या भांगाला आणि कानशिलांना ५० ग्रॅम पुरते. कोमट पाण्यात पातळ दह्याइतकी सैल कालवा, चिमूटभर मीठ घाला. लिंबू, दही, आंबट काहीही नको. १५ मिनिटांत वर निळसर झाक आली की लगेच लावा, ही पेस्ट मेंदीसारखी रात्रभर ठेवून चालत नाही. वरून प्लॅस्टिकची टोपी घाला. तपकिरी हवा असेल तर पाऊण तास, काळ्याच्या जवळ जायचं असेल तर दीड-दोन तास. मग नुसत्या पाण्याने धुवा आणि ४८ तास शाम्पू लावू नका. शुक्रवारी सकाळी केस जरा हिरवट वाटले तरी घाबरू नका, शनिवारपर्यंत रंग गडद होतो. म्हणूनच उद्या संध्याकाळ गाठा, शनिवारवर ढकलू नका.

पैशांचं म्हणाल तर उरलेली पावडर घेऊन या, पूर्ण पैसे देईन. लग्नकार्याच्या आठवड्यात तुम्हाला मनस्ताप झाला, त्यासाठी. भेसळीचा आरोप मान्य करून नाही. भरवसा नसेल तर तेच पाकीट प्रयोगशाळेत तपासून घ्या, खर्च मी देईन. आणि बटेचा रंग पसंत पडला नाही, तर डोक्यावर काही लावायच्या आधी उद्या दुपारी दुकानात या. केस दारातल्या उजेडात पाहून नीळ किती वेळ ठेवायची ते सांगते.