एका 'व'ची करामत

आमचं पोरगं पावणेतीन वर्षांचं. वाटीभर मऊभात संपवायला त्याला दीड तास लागतो. बेळगावात शहापुरात आमचं घर, आणि भिंतीला भिंत लागून कन्नड अज्जींचं. त्यामुळं भरवायचा कार्यक्रम दोन भाषांत चालतो.

आधी आईनं बागुलबुवा काढून बघितला. पण पोरानं त्याच आठवड्यात देवळात कीर्तनाचे बुवा पाहिले होते. "टाळ आणणार काय?" म्हणत ते दारात वाट बघत बसलं. चूक आपलीच. ज्याला भ्यायचं, त्यालाही 'बुवा' लावून मान द्यायची मराठी खोड!

मग अज्जी सरसावल्या. डोळे वटारून म्हणाल्या, "उण्णो, इल्लांद्र देव्व बरतैति!" म्हणजे, जेव, नाहीतर देव्व येईल!

पोरानं घास गालात सारला, हात जोडले आणि डोळे मिटले. देव येतोय म्हटल्यावर दुसरं काय करणार? दहा मिनिटं समाधी. घास गालातच.

दुसऱ्या दिवशी अज्जींच्या नातवानं आमची खेळण्यातली मोटार खिशात घातली. आई सहज म्हणाली, "देव बघूलालाय हं!" त्या लेकरानं असं भोकाड पसरलं की गल्ली गोळा झाली.

कन्नडात देवाला 'देवरु' आणि भुताला 'देव्व'. मला वाटायचं, आपलाच देव शेजारी जाऊन बिघडला. पण मूळ शब्द 'दैव'. प्राकृतात त्याचं 'देव्व' झालं आणि कन्नडात ते भूत होऊन बसलं. दैव मानगुटीवर बसतं, हे ज्यानं पहिल्यांदा ओळखलं त्याला माझा दंडवत. आमच्या गावाला सरकारनं २०१४ साली एक वेलांटी चढवून 'बेळगावी' केलं, त्यावरून आम्ही अजून भांडतोय. इथं दैवाची एक मात्रा उतरली, 'व'ला 'व' जोडला गेला, आणि कुणी चकार शब्द काढला नाही!

मंगळूरकडं तर ज्या भुतांचा कोला, म्हणजे पूजेचा नाच, करतात, त्यांनाच 'दैव' म्हणतात. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की देवचार भेटतो. हिंदूंच्या गावात तो राखणदार, ख्रिस्ती घरात तोच सैतान. जुन्या इराण्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'दएव' म्हणजे निव्वळ दुष्ट. म्हणजे देव आणि भूत यांच्यातला सीमाप्रश्न आपल्यापेक्षा बराच जुना...

"अहो, भात गार झाला," बायको म्हणाली.

आता पोरानं नवीन टूम काढली आहे. देव्व येणार म्हणजे त्याला नैवेद्य नको? पहिला घास खिडकीत. दुसराही तिथंच, कारण अज्जींनी 'देव्वगळु' म्हणजे पुष्कळ देव्व असतात, असं सांगून ठेवलंय. रोज दुपारी कट्ट्यावर दोन कावळे येतात आणि वाटी पंधरा मिनिटांत रिकामी होते.

बायको खूश आहे. मी अजून तिला काही बोललेलो नाही.