तीन वाटोळी

आमच्या बाणेरच्या ऑफिसात एका चिमुकल्या प्रोसेसरसाठी सी भाषेचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, तयार होत होता आणि त्याच्या कमांड लाइन ऑप्शन्सचे, म्हणजे त्याला हुकूम देताना टंकायच्या खुणांचे, व्याकरण ठरवण्याचे काम ‘दोन दिवसांचे तर आहे’ असे म्हणून माझ्या गळ्यात मारण्यात आले. तिसऱ्या आठवड्यातही आमचे घोडे ऑप्शनआधी एक डॅश की दोन, इथेच अडलेले होते. पोसिक्स या युनिक्स-प्रमाणाच्या शिस्तीतली मंडळी म्हणत, एका डॅशमागे एकच अक्षर. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे पंथीय म्हणत, पूर्ण शब्दाला दोन डॅश. आणि दोन्ही पक्ष ज्याचा दाखला देत त्या जीसीसी या ग्नूच्याच कंपायलरात एकाच डॅशमागे, सी भाषेची आवृत्ती सांगणारा अख्खा ‘एसटीडी’ उभा. (हे नाव वाचले की मला अजून पिवळा बूथच आठवतो.) अखेर लोकांच्या बोटांना जीसीसीचीच सवय आहे, म्हणून तीच वाट धरली.

मसुदा घरी सदाशिव पेठेत आणला. बाबांची हयात मुद्रितशोधनात गेली असल्याने ते किराण्याची यादीसुद्धा पेन्सिल घेऊनच वाचतात.

“हा ओ लहान, हा मोठा, आणि हे शून्य?”

“हो. लहान ओपुढे आउटपुट फाइलचे नाव, मोठा ओ ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे कोड अधिक चपळ करण्याचा, आणि त्यापुढे शून्य म्हणजे ऑप्टिमायझेशन नको.”

“तीन वाटोळी! आपल्या लिपीत अक्षरांना लहानमोठेपणा नाही तेच बरे. आणि ‘डब्ल्यू-ऑल’ने सगळे इशारे मिळत असतील, तर खाली ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ कशाला?”

“त्यात सगळे येत नाहीत, बाबा.”

“म्हणजे पत्रिकेतले ‘सहकुटुंब सहपरिवार’. छापायचे सगळ्यांना, पाने मोजून मांडायची.”

पुढे लहान ओपाशी त्यांनी समासात लिहिले, ‘नाव विसरल्यास?’ मी हसून पान उलटले.

सोमवारी एक सहकारी नाव विसरला. त्याने लहान ओ टंकला आणि पुढे थेट मूळ कोडच्या दोन ‘डॉट सी’ फाइली दिल्या. कंपायलरने व्याकरणानुसार पहिलीला आउटपुटचे नाव मानले, दुसरी कंपाइल केली आणि पहिलीतल्या चारशे ओळींवर इमानेइतबारे मशीन कोड लिहून ठेवला. कमांड शुद्ध होती. वाटोळे तेवढे झाले.

त्या रात्री मी आउटपुटचे नाव ‘डॉट सी’ने संपत असल्यास नकार देणारी तपासणी घातली आणि एरर मेसेज बाबांना दाखवला: ‘कृपया आउटपुट फाइलचे नाव तपासावे.’ त्यांनी ‘कृपया’वर काट मारली.

“चूक त्याची. कृपा आपण कशाला मागायची?”