केक तलवारीनंच का?

वाढदिवसाला तलवारीनं केक कापणाऱ्या पोरांच्या टोळक्यांवरच्या तुमच्या लेखात सगळं खापर मोबाइलवर आणि संस्कारांवर फोडलंय, ते पटलं नाही. आमच्या परभणीत पहाटे पोलीस भरतीसाठी पळणारी पोरंच, वय निघून गेलं की, 'भाऊं'च्या बॅनरवर खालच्या चिमुकल्या फोटोत दिसतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टननं १९३८ मध्ये हेच मांडलं होतं: पैसा-यशाचं स्वप्न सगळ्यांना एकच, सरळ वाट मोजक्यांनाच; म्हणून बाकीच्यांतले काही आडवाट धरतात. पण तलवारीनं केक कापून पैसा थोडाच मिळतो? तिथं दुसरा अमेरिकन अभ्यासक, अल्बर्ट कोहेन (१९५५), जास्त पटतो. शाळेच्या मापात न बसणारी पोरं मापच उलटं करतात. आमच्या गल्लीतला एक बारावीला दोनदा नापास. आता त्याच्या बुलेटचा फटाका वाजला की सगळी गल्ली वळून बघते. एकटा भेटला की मात्र खाली मान घालून विचारतो, "काका, नळाला पाणी आलं का?"