"खांदा महिनाभर बांधून ठेवा" या मेसेजबद्दल खुलासा

फवारणी सुरू झाली की गावोगावच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: "हात वर करताना खांदा दुखला म्हणजे नस दबली. महिनाभर हात गळ्यात बांधा, नाहीतर ऑपरेशन ठरलेलं." फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगतो, हे चुकीचं आहे.

बहुतेकदा दुखतात ते खांद्याच्या टोकाच्या हाडाखालचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर. तपासताना मी हात बाजूने वर न्यायला लावतो. साधारण ६० ते १२० अंशांमध्ये कळ येते, पुढे कमी होते. मग हात मीच धरून फिरवतो. तरीही तो अडकला तर संशय सांधा आखडल्याचा. त्याचा इलाज वेगळा. एक्स-रेत टेंडन दिसत नाहीत, म्हणून नुसता फोटो काढून भागत नाही.

बांधलेला खांदा उलट आखडतो. पंपाचा दांडा मारणं, डोक्यावरून ओझं उचलणं काही दिवस कमी करा. बाकी हात चालू ठेवा. व्यायाम असा: कोपर कुशीला लावून रबरी पट्टा बाहेर ओढायचा, सायकलची जुनी ट्यूबही चालते. फरक पडायला ६ ते १२ आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्याच आठवड्यात सोडून देतात! ऑपरेशनचं म्हणाल तर २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश अभ्यासात ऑपरेशन करून ते टोकाचं हाड घासणं आणि नुसती दुर्बीण घालून पाहणं, यांत रुग्णाला जाणवेल असा फरक दिसला नाही.

मात्र पडल्यावर हात उचलेना, किंवा डाव्या खांद्यासोबत छाती दाटून घाम आला, तर व्यायाम नाही, तडक दवाखाना.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.