ग्रंथालयाच्या प्रसिद्धीला लाख रुपये कशाला?

ग्रंथपालांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. एकदा तर आमच्या प्राचार्यांकडून, खाली ‘बघा’ एवढंच लिहून. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रंथालयाच्या सेवा ऑनलाइन पोचवायच्या तर स्वतंत्र वेबसाइट, अ‍ॅप आणि डिजिटल मार्केटिंगवाली एजन्सी हवी, म्हणजे खर्च लाखाच्या घरात, तेव्हा लहान कॉलेजांनी त्या फंदात पडू नये. पडायचंच असेल तर इन्स्टाग्रामवर रोज एक रील टाकावी. तशीही मुलं आता गुगल आणि एआय सोडून कुठे जात नाहीत. आणि शेवटी, चांगल्या ग्रंथालयाला जाहिरात लागत नाही, वाचक आपल्या पायांनी येतो.

मी तालुक्याच्या ठिकाणी अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. सोबतीला एक परिचर, तेही पुढच्या वर्षी निवृत्त होणार. तेव्हा ‘लहान कॉलेज’ म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

आधी पैशाचं बघू. मुलाला आपल्याकडून ऑनलाइन हवं काय असतं? आज उघडं आहे का, किती वाजेपर्यंत, पुस्तक आत आहे की कुणी नेलंय, मागच्या वर्षीचा पेपर मिळेल का. एवढ्याला अ‍ॅप कशाला? गुगल मॅप्सवर आमचं ग्रंथालय होतं, कुणीतरी कधीतरी घातलेलं. वेळ चुकीची, फोटो गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचा. ते प्रोफाइल आपल्या ताब्यात घ्यायला एक पैसा पडत नाही. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला, म्हणून मी मोबाइल हातात धरून पाटीपासून काउंटरपर्यंत चालत गेले. परिचरमामा मागून म्हणाले, “मॅडम, शूटिंग चाललंय का काय?” परीक्षेच्या दिवसांत रीडिंग हॉल रात्री आठपर्यंत उघडा असतो, हे आता तिथे दिसतं. पूर्वी ते फक्त नोटीस बोर्डावर असायचं, म्हणजे जो आधीच आत आलाय त्यालाच कळायचं.

दुसरं व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल. ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आली. त्याआधी आम्ही वर्गवार ग्रुप चालवायचो आणि बऱ्याच मुली त्यात यायच्याच नाहीत, कारण ग्रुपात नंबर सगळ्यांना दिसतो आणि घरी ते चालत नाही. चॅनेलवर एका फॉलोअरचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. इतकी वर्षं आम्ही ‘मुलींचा प्रतिसाद कमी’ म्हणत बसलो होतो! चॅनेल एकतर्फी असतं, म्हणून प्रश्नांसाठी काउंटरवरच्या जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं. तेही फुकट, आणि ‘नो ड्यूजला काय काय लागतं’ अशा रोजच्या प्रश्नांची उत्तरं त्यात आधीच लिहून ठेवता येतात.

क्यूआर कोडचं तेवढं सांभाळून. रॅकवर स्टिकर लावायचा, मुलानं स्कॅन केला की त्या विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचं फोल्डर उघडेल, इतकी साधी युक्ती. मी घाईत एका ‘फ्री’ साइटवरून कोड काढले. पंधरा दिवसांनी प्रश्नपत्रिकांच्या जागी पैसे भरायचं पान उघडायला लागलं. कोडात आमच्या फोल्डरचा पत्ता नव्हताच. पत्ता त्या साइटचा होता आणि ती साइट मुलांना पुढे आमच्याकडे धाडत होती. साध्या कोडात थेट आपलाच पत्ता असतो, त्याला मुदत नसते, आणि क्रोममध्ये शेअरवर गेलं की तो तयार मिळतो. चाळीस स्टिकर नखांनी खरवडताना हे चांगलं पाठ झालं. नव्या स्टिकर शीटचे साडेतीनशे रुपये हा माझा त्या वर्षीचा प्रसिद्धीवरचा सगळा खर्च.

मजकुराच्या बाजूनं एक कबूल करते: काही गोष्टी फुकट म्हणवतात पण तशा पडत नाहीत. न्यूझीलंडमधल्या एका लहानशा भागाच्या ग्रंथालयांसाठी तयार झालेली आणि २००० साली सुरू झालेली कोहा ही ग्रंथालयाचं कामकाज चालवायची संगणक प्रणाली कुणालाही विनामूल्य वापरता येते, पण तिचा ओपॅक, म्हणजे पुस्तकांची ऑनलाइन यादी, मुलांना घरबसल्या दिसायला सर्व्हरचं भाडं भरावं लागतं. आणि माणसाचा वेळ जातो, तो कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. रात्री आलेल्या प्रश्नाला सकाळी उत्तर गेलं नाही, तर तो मुलगा पुन्हा विचारत नाही.

आता रोजची रील. मी एक केली. दोन तास गेले: सरकता कॅमेरा, पुस्तकांच्या रांगा, मागे बासरी. ‘खूप छान मॅडम’ असं लिहिणारे सगळे इतर कॉलेजांचे ग्रंथपाल निघाले. आपल्या ग्रंथालयांची पानं एकदा उघडून बघा. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मधे हार घातलेले फोटो. ते जरूर टाका, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला लागतात. पण त्यावरून ग्रंथालयात काय मिळतं ते कुणाला कळत नाही. गेल्या मार्चात मी ‘नवीन पुस्तके दाखल, लाभ घ्यावा’ असं वीस मुखपृष्ठांचं पोस्टर टाकलं. एकही चौकशी नाही. दोन दिवसांनी, फोटोशिवाय, नुसती ओळ टाकली: ‘टीवायबीकॉम कॉस्टिंग, मागच्या पाच परीक्षांचे पेपर काउंटरवर, झेरॉक्सला तासभर नेता येतील.’ दुपारी काउंटरपाशी रांग. ही ओळ लिहायला मला मिनिटही लागलं नव्हतं.

मुलं गुगल आणि एआयवर असतात, हे खरंच आहे. म्हणूनच तर आपलं काम वाढलंय. एम.ए.ची एक मुलगी चॅटबॉटनं दिलेली पाच संदर्भांची यादी घेऊन आली. तीन सापडले. उरलेल्या दोन्हींत नियतकालिक खरं, वर्ष खरं, पण त्या पानांवर लेख भलताच. ती यादी तिच्या प्रबंधिकेत तशीच जाणार होती. त्याच दिवशी चॅनेलवर टाकलं, ‘एआयनं दिलेले संदर्भ तपासून मिळतील’, आणि पुढच्या आठवड्यात चार जण तसल्याच याद्या घेऊन हजर.

शिवाय गुगलवरच्या या मुलांना बहुधा ठाऊक नसतं, की गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या शोधगंगा या साइटवर देशभरातल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणाऱ्या एन-लिस्टच्या सदस्यत्वाचे पैसे तर कॉलेजनं आधीच भरलेले असतात. आम्ही खाती काढली, पासवर्ड ई-मेलवर गेले आणि कुणी लॉगिनच केलं नाही. आमच्या मुलांनी ई-मेल काढलेला असतो तो प्ले स्टोअर चालावं म्हणून. तो उघडून कोण बघतो? शेवटी कॉम्प्युटर लॅबचा एक तास मागून घेतला, तीस-तीस जणांना समोर बसवलं आणि स्पॅममधून पासवर्ड शोधून काढायला लावले.

राहिला तो ‘आपल्या पायांनी येणारा वाचक’. रंगनाथनांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले, त्यांतला तिसरा प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असा आहे, आणि त्याच्या विवेचनात त्यांनी प्रसिद्धीचा विचार आवर्जून केलाय. जयंतीला त्यांना हार घालून हा नियम विसरायचा, हे काही बरं नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतलं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय घ्या. तिथली जुनी, दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून डीस्पेस या विनामूल्य प्रणालीवर ठेवली आहेत. नागपुरात बसून एखादं जुनं पुस्तक गुगलवर शोधणारा माणूस थेट तिथे पोचू शकतो, डेक्कनला न येता. (हे वाचून कुणी चालू क्रमिक पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर टाकू नयेत. तो कॉपीराइटचा भंग आहे, प्रसिद्धी नाही.)

प्राचार्यांच्या ‘बघा’ला मी काल उत्तर पाठवलं: सर, बघितलं. एजन्सी नको. मामा निवृत्त व्हायच्या आत परिचराच्या जागेचा प्रस्ताव तेवढा पुढे पाठवा, काउंटरवरच्या फोनला उत्तर द्यायला माणूस लागेल.