पैठणी कपाटात ठेवायला विणलेली नसते

आपल्या कोल्हापुरात बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक तरी पैठणी असते. ती लग्नाला बाहेर निघते आणि पुन्हा पिशवीत जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं : नेसून खराब होईल.

रेशीम एवढं लेचंपेचं नाही हो! दुसऱ्या महायुद्धात सैनिक रेशमी पॅराशूट बांधून विमानातून उड्या मारायचे. जपानचं रेशीम मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेनं त्या जागी नायलॉन आणलं. टाके घालायला डॉक्टर रेशमी धागा आजही वापरतात. तुतीच्या पाल्यावर महिनाभर पोसलेली अळी दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते आणि त्यातला सलग धागा साधारण एक किलोमीटर भरतो. तो उलगडायच्या आधी कोष उष्णतेनं मारतात, आतल्या जिवासकट. एका साडीपायी असे हजारो जीव जातात आणि ती साडी वर्षानुवर्षं अंधारात पडून राहते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मध्य प्रदेशात मंदसोरला पाचव्या शतकातला एक शिलालेख सापडलाय. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, तिथं येऊन वसलेल्या रेशीम विणकरांनी सूर्यमंदिर बांधलं, त्याची ती हकीकत. त्यात कवी वत्सभट्टी म्हणतो की तारुण्य असो, सोन्याचा हार असो, विडा असो की फुलं, रेशमी वस्त्रांची जोडी ल्याल्याशिवाय स्त्री प्रियकराला भेटायला जात नाही. देवळाच्या शिलालेखात विणकरांनी आपल्या मालाची केवढी देखणी जाहिरात कोरून घेतली! आपलं कापड कुणीतरी अंगावर मिरवावं, एवढीच त्यांची हौस. येवल्यात मागावर बसून एकेक मोर विणणाऱ्यालाही हेच वाटत असणार.

अंबाबाईला तर रोज साडी नेसवतात. नवरात्रात तिला तिरुपतीहून मानाचा शालू येतो. देवीची वस्त्रं वापरात आणि आपली डांबरगोळ्यांच्या वासात, हे कुठलं शहाणपण?

माझ्या मावशीची पैठणी न नेसताच गेली. एकाच घडीवर वर्षानुवर्षं दुमडलेल्या जरीनं रेशीम कापत नेलं आणि पदर उभा चिरला. त्यात आपला पावसाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते, जर काळी पडते.

तेव्हा बायांनो, नेसा. बारशाला नेसा, हळदीकुंकवाला नेसा, मनात आलं म्हणून नेसा. अत्तर साडी नेसायच्या आधी लावा, तिच्यावर फवारू नका. घरी आल्यावर सावलीत वाऱ्यावर टाकून घाम सुकू द्या. कडक ऊन नको आणि ब्लीच तर चुकूनही नको. मग जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. वारंवार नेसणारीला ही घडी आठवणीनं बदलावी लागत नाही, ती आपोआपच बदलते.